नाताळच्या सुट्टीत मुलांबरोबर घरच्याच सामानातून काय काय करता येईल?

मंजिरी_कोथरूड (१९ डिसेंबर, रात्री ९.५०)

शाळेला २५ पासून सुट्टी लागतेय. आमच्या मजल्यावरची आणि खालची मिळून सात-आठ पोरं दुपारी आमच्याकडे टपकणार, कारण आमच्या घरी सासूबाई असतात आणि बाकीच्यांकडे दुपारी कोणी मोठं माणूस नसतं. सासूबाईंनी आधीच जाहीर केलंय, टीव्ही लागणार नाही. मी घरूनच काम करते, त्यामुळे मधूनमधून डोकावू शकते, पण पूर्ण वेळ बसू शकत नाही.

तर मंडळी, सुचवा. विकतची किटं नकोत. मागच्या वर्षी कोणीतरी भेट दिलेल्या किटातली चमकी पाडव्यापर्यंत गाद्यांत सापडत होती. घरात असलेलं, नाहीतर कोरड्या कचऱ्याच्या पिशवीत पडलेलं सामान वापरायचंय. सगळ्यात धाकटा साडेचार वर्षांचा आहे, सगळ्यात मोठी अकराची, त्यामुळे दोघांना पुरेल असं काहीतरी हवं. नाताळचं चालेल, थंडीचं चालेल, संक्रांतीचंही चालेल.

शेंगदाणा (१९ डिसेंबर, रात्री १०.०५)

+१, वाचतेय. सामानाचा प्रश्न नाही. आमच्याकडे 'कधीतरी उपयोगी पडेल' या नावाखाली नवऱ्याने एक अख्खं कपाट भरून खोकी ठेवली आहेत. कुणाला हवी असतील तर येऊन घेऊन जा, प्लीज.

रानवारा (१९ डिसेंबर, रात्री १०.४०)

कागदी पिशव्यांचा तारा करा. दर डिसेंबरला आमच्या दारावर हाच असतो आणि येणारा प्रत्येक जण कुठून आणला म्हणून विचारतो.

बेकरीत खारी-नानकटाई ज्यात देतात त्या खाकी पिशव्या किंवा औषधांच्या दुकानातल्या पांढऱ्या, सगळ्या एकाच मापाच्या, सात ते नऊ लागतात. पिशवी सपाट ठेवायची. बंद तळाच्या कडेला गोंदाची एक आडवी रेघ ओढायची आणि त्या रेघेच्या मध्यापासून उघड्या तोंडापर्यंत एक उभी. त्यावर दुसरी पिशवी बरोब्बर ठेवायची, तळावर तळ. परत गोंद, परत पिशवी, अशी चळत. अर्धा तास वजनाखाली ठेवा, कालनिर्णयचे जुने अंक चालतात. मग उघड्या तोंडाचे दोन्ही कोपरे तिरके कापून टोक काढायचं आणि कडांना छोटे त्रिकोण, अर्धगोल कापायचे. सगळ्या थरांतून एकदम कापायला जोर लागतो, ते अकरा वर्षांच्या मुलीला किंवा तुम्हाला करावं लागेल. साडेचारवाल्याला गोंदाच्या रेघा द्या, तो खूश.

आता पहिली आणि शेवटची पिशवी हातात धरून गोल उघडत न्यायची, दोन्ही भेटल्या की चिकटवायच्या. उघडेपर्यंत आत काय कापलंय ते कोणालाच नीट कळलेलं नसतं. त्या वेळी सगळ्यांना बोलवा, एकट्याने उघडू नका. टोकं जुळली नाहीत तर एखादी पिशवी वाढवायची.

कडूकाढा (२० डिसेंबर, सकाळी ७.१५)

आपले सण कमी पडले का? दिवाळीचा आकाशकंदील करायला वेळ नसतो, तो विकत आणायचा, आणि नाताळचे तारे मात्र घरी करायचे. चालू द्या.

मंजिरी_कोथरूड (२० डिसेंबर, सकाळी ९.२०)

कडूकाढा, आकाशकंदील घरीच केला होता, बांबूच्या काड्यांचा. अजून उतरवलेला नाही, तो आमचा आळस. समोरच्या फ्लॅटमधली दोन मुलं ख्रिस्ती आहेत. दिवाळीत आमच्या किल्ल्याची माती कालवायला तीच सगळ्यात पुढे होती, गळ्यापर्यंत चिखल. आता त्यांच्या सणाला आमचे पोरगे मागे राहिले तर बरं दिसेल का? हलके घ्या. आणि हे अवांतर इथेच थांबवू.

रानवारा, भारी आहे! पिशव्या जमवायला लागले. आता खारी खाणं आलं.

सहाकोनी (२० डिसेंबर, दुपारी १.३०)

तारे करताय तर कागदाचे हिमकणही करा, पण कृपा करून सहा पाकळ्यांचे. आंतरजालावर आणि शाळांच्या फळ्यांवर जे दिसतात त्यातले निम्मे आठ टोकांचे असतात, कारण कागद अर्धा, परत अर्धा, परत अर्धा, परत अर्धा दुमडला की आठच होतात. खरा हिमकण सहा टोकांचा असतो. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात आणि ती जाळी वाढत वाढत डोळ्यांना दिसण्याइतकी होते. 'सहाच का' हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ केप्लरला पडला होता, त्यावर त्याने १६११ मध्ये एक छोटी पुस्तिकाच लिहिली. रेणूंची जाळी तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती, तरी गोळे एकमेकांना खेटून रचले तर षटकोन तयार होतात, इथपर्यंत तो पोचला होता. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले. मोठ्या मुलांना हे सांगा. पुण्यात बर्फ बघायला मिळत नाही, निदान तो कसा असतो ते तरी बरोबर कळू दे.

घडी अशी. चौरस कागद घ्या, कर्णावर दुमडून त्रिकोण. तो त्रिकोण परत अर्ध्यात, म्हणजे लहान त्रिकोण, ज्याचा काटकोनी कोपरा हा कागदाचा मध्य आहे. आता त्या काटकोनाचे तीन सारखे भाग करायचे, डावीकडची बाजू उजवीकडे, उजवीकडची तिच्यावर. वरची जी शेपटं बाहेर येतात ती एका रेषेत कापून टाका. मग दोन्ही कडांवर हवे तसे कापा. टोकाचा मध्य सगळा कापू नका, नाहीतर हातात तुकडे येतात.

कागद पातळ हवा. घोटीव कागदाच्या बारा थरांतून कात्री जात नाही. जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं किंवा पतंगाचा कागद घ्या.

शेंगदाणा (२० डिसेंबर, दुपारी २.१०)

तीन सारखे भाग डोळ्यांनी करता येत असते तर मी आज इंजिनीयर झाले असते. काही युक्ती?

सहाकोनी (२० डिसेंबर, दुपारी २.४०)

लगेच घडी दाबू नका. द्रोण वळतो तसा आधी कागद सैल गुंडाळा, दोन्ही कडा एकमेकींवर येईपर्यंत सरकवा आणि मगच दाबा. मुलांना हे मोठ्यांपेक्षा पटकन जमतं.

वैदेही_व (२० डिसेंबर, सायंकाळी ६.००)

हिमकणांचाच विषय निघालाय तर तुरटीचा तारा. माझ्या मते सुट्टीत करायची हीच खरी गोष्ट, कागदकाम वर्षभर होतच असतं.

वाण्याकडून तुरटी आणा, दाढीनंतर लावायची असते तीच. कुटून पूड करा. जुन्या चार्जरची प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर वाकवून छोटा तारा करा (उघडी लोखंडी तार नको, गंजते आणि सगळं पिवळं होतं) आणि त्यावर लोकर घट्ट गुंडाळा. स्टीलच्या पातेल्यात पेलाभर, म्हणजे २०० मिली, कढत पाणी आणि त्यात ७० ते ८० ग्रॅम पूड. हे काम मोठ्यांचंच. पूर्ण विरघळली की काचेच्या बरणीत ओता. पेन्सिलीला दोऱ्याने तारा बांधून बरणीच्या तोंडावर पेन्सिल आडवी ठेवायची. तारा पाण्यात बुडाला पाहिजे, पण तळाला आणि कडेला टेकता कामा नये. मग रात्रभर हात लावायचा नाही. मुलांसाठी सगळ्यात कठीण भाग तोच.

तासाभरात लोकरीवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दिसायला लागतं. सकाळी बघाल तर प्रत्येक टोकावर कोरीव आठ पैलूंचे खडे बसलेले असतात. भिंग असेल तर द्या, पैलू मोजू द्या. कारण सोपं आहे: गरम पाण्यात तुरटी भरपूर मावते, गार पाण्यात मावत नाही, जी जास्तीची आहे ती बाहेर पडते आणि लोकरीच्या खरखरीत धाग्याला धरून बसते. बरणी टॉवेलमध्ये गुंडाळून सावकाश गार होऊ दिली तर खडे मोठे येतात, फ्रिजमध्ये ठेवली तर बारीक रव्यासारखे. दोन बरण्या करून दोन्ही दाखवा.

पाण्यात खाण्याचा रंग टाकण्याचा मोह होतो, पण रंग खड्यात फारसा शिरत नाही. त्यापेक्षा लोकरच लाल-हिरवी घ्या. उरलेलं पाणी गरम केलं की परत वापरता येतं. आणि कोणी चाटणार नाही एवढं बघा, नंतर बेसिनशी थू थू चालू होतं.

पेठकरकाका (२१ डिसेंबर, सकाळी ६.४०)

छान धागा आहे. वैदेही, टाळ्या.

गोंदाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. एवढ्या पोरांना बाटल्या पुरणार नाहीत. खळ शिजवा. दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न होता कालवायचा, मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरं पाणी हळूहळू पारदर्शक व्हायला लागलं आणि चमचा उचलल्यावर तार लांबली की उतरवा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. ते विष आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको.

दुसरं म्हणजे अरविंद गुप्ता. आपल्या पुण्यातच, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी वर्षानुवर्षं काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रिकामी रिफिल, झाडूच्या काड्या असल्या सामानातून खेळणी करून दाखवली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आंतरजालावर फुकट बघायला मिळतात. नाताळशी संबंध नाही, पण सुट्टीशी आहे.

तीनपाळी (२१ डिसेंबर, रात्री ११.३०)

सगळं वाचलं, सगळं छान आहे. आता थोडं कडू बोलते.

दिवसभर नोकरी करून खळ कोण शिजवणार? मी फेव्हिकॉल वापरते आणि मला त्याचं काही वाटत नाही. आणि दुसरं, हे सगळं नेमकं कोण करतं? लेकीच्या शाळेत मागच्या डिसेंबरात 'टाकाऊतून टिकाऊ'चं प्रदर्शन होतं. पहिलीच्या मुलांच्या नावाने काय एकेक वस्तू! पुठ्ठ्याचं दोन मजली चर्च, आत दिवे, छतावर कापसाचा बर्फ, खिडक्यांना जिलेटिन. एका आईच्या बोटाला पट्टी होती, ग्लू गनने भाजलेलं. माझ्या लेकीने स्वतः केलेला वाकडा सांता मागच्या रांगेत. बक्षीस अर्थातच चर्चला. तेव्हापासून 'मुलांबरोबर क्राफ्ट' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

रानवारा (२२ डिसेंबर, सकाळी १०.१५)

तीनपाळी, अगदी अगदी. फेव्हिकॉलबद्दल तर प्रश्नच नाही, आणि प्रदर्शनाचा राग शंभर टक्के बरोबर. पण घरच्या दुपारचं प्रदर्शन नसतं हाच फायदा आहे ना. तिथे कोणी बक्षीस देत नाही.

मी एक नियम पाळते: मुलांच्या कामाला हात लावायचा नाही. 'दे, मी करते' तोंडात आलं तरी गिळायचं. नमुना करून समोर ठेवायचा नाही, कारण मग सगळे तसलाच करायला जातात आणि जमला नाही की रडतात. एकदा कृती तोंडी सांगायची आणि आपण शेजारी बसून आपलं स्वतःचं काहीतरी वाकडंतिकडं करायचं. एकाने हिमकणाला डोळे काढले. काढू दे! तुझ्या लेकीचा वाकडा सांता मला तरी बघायला आवडेल, फोटो टाक.

नीरजाS (२२ डिसेंबर, दुपारी १२.००)

मिठाच्या पिठाचे गोळे कोणीच कसे सांगितले नाहीत? दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी, पाणी हळूहळू. चांगलं दहा मिनिटं मळा. मळायला लहानांना बसवा, दम निघतो आणि दुपार शांत जाते. अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून वाट्या, झाकणं, शंकरपाळ्याचं चिरणं, काय हाताला लागेल त्याने आकार कापा. वर स्ट्रॉने भोक पाडा, ते वाळल्यावर पडत नाही. कणीक घेतली तर बिस्किटासारखा तपकिरी रंग येतो, तोही छान दिसतो.

ओव्हन असेल तर १०० ते १२० अंशांवर दोन-अडीच तास. नसेल तर सध्या पुण्याची हवा इतकी कोरडी आहे की गच्चीत उन्हात उलटसुलट करत तीन-चार दिवसांत खडखडीत होतात. एकदम कडक आचेवर ठेवले तर फुगतात आणि तडकतात. मग पोस्टर कलर आणि वरून व्हार्निश किंवा पारदर्शक नेलपॉलिश. हे शेवटचं टाळू नका. मीठ ओल खेचतं, रंगवलेली चांदणी पावसाळ्यात मऊ होऊन गळून पडते.

टॉमीचीआई (२२ डिसेंबर, दुपारी १२.२०)

नीरजा, एक पुरवणी. घरात कुत्रा असेल तर हे पीठ, कच्चं किंवा वाळलेलं, त्याच्या तोंडी लागू देऊ नका. एवढं मीठ कुत्र्याला खरंच घातक असतं, त्याने खाल्लंच तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या. नाताळच्या झाडावर टांगाल तर वरच्या फांदीला.

पायवाट (२२ डिसेंबर, सायंकाळी ५.४५)

सामान घरातच का शोधताय? सकाळी फिरायला जाताना एक पिशवी न्या. बुचाचा बहर संपत आला असला तरी काही रस्त्यांवर अजून सडा असतो. लांब देठांच्या त्या फुलांची दोरा न वापरता वेणी घालता येते, आजीला विचारा, हमखास येत असेल. निलगिरीच्या झाडाखाली फळांच्या छोट्या टोप्या पडतात, त्यांच्या तोंडाशी आपोआप चांदणी कोरलेली असते. सुरूची बोंडं म्हणजे बोटाच्या पेराएवढी सूचिपर्णी फळंच वाटतात, झाडावर टांगायला अगदी मापाची.

आणि झाड विकत घेऊ नका. वाळक्या काटक्या जमवा, एकीपेक्षा एक आखूड अशा ओळीने मांडा, सगळ्यात लांब खाली. दोन्ही टोकांना सुतळी बांधत वर न्या, वर गाठ. भिंतीवर खिळ्याला अडकवलं की झालं झाड. त्यावर नीरजांच्या चांदण्या, वैदेहींचे खडे. जागा लागत नाही, वन बीएचकेवाल्यांनी लक्ष द्यावं.

शेंगदाणा (२२ डिसेंबर, रात्री ९.३०)

माझी एक छोटीशी भर. ज्यूस-ताकाचे टेट्रापॅक कापून, साबणाने धुऊन सपाट करा. आतली बाजू चंदेरी असते. चंदेरी बाजू वर ठेवून जाड घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा आणि रिकाम्या बॉलपेनने दाबून नक्षी काढा. रेघ दबते, उलटं केलं की... उलटीकडे छापील जाहिरात असते, तेव्हा उलटं करू नका, हाहा. पण चंदेरीवर खोल रेघा मस्त चमकतात आणि गाद्यांत सापडत नाहीत.

नवऱ्याच्या कपाटातला पहिला खण रिकामा झाला. मंजिरी, दुआ.

पेठकरकाका (२३ डिसेंबर, सकाळी ६.५०)

एक सूचना राहिली. दिव्यांच्या ज्या छोट्या माळा मिळतात त्यांत गोल बटणासारखे सेल असतात. ते लहान मुलाने गिळले तर काही तासांत अन्ननलिका जाळतात. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल ती माळ साडेचार वर्षांच्या पोराजवळ नको. मणी, डोळे, बोंडंही तीन वर्षांखालच्या भावंडांपासून लांब.

मंजिरी_कोथरूड (२९ डिसेंबर, रात्री १०.१५)

आली, आली. उशीर झाला, क्षमस्व.

तुरटीचा तारा हिट आहे. पोरं सकाळी दात न घासता बघायला आली होती. टॉवेलवाल्या बरणीतला आणि फ्रिजमधला ठेवून मोठ्यांची जुंपली, कोणता जास्त 'खरा' यावरून. पिशव्यांच्या ताऱ्याला आमच्याकडे टोकं सारखी नाहीत, कारण औषधांच्या पिशव्या दोन मापांच्या मिळाल्या. तो मुद्दामच तसा केलाय असं समोरच्या आजोबांनी सगळ्यांना सांगून टाकलं. हिमकण सहा पाकळ्यांचे झाले, एक आठाचा आहे, तो माझा.

मिठाचं पीठ मात्र फार गाजलं नाही. मळायला सगळ्यांना आवडलं, पण वाळेपर्यंत थांबायला कोणीच तयार नव्हतं, निम्म्याचे परत गोळे झाले. साडेचारवाल्याला शेवटपर्यंत फक्त गोंद लावायचा होता. काय चिकटवायचंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याला एक वर्तमानपत्र आणि वाटीभर खळ देऊन टाकली. (तीनपाळी, खळ सासूबाईंनी शिजवली, मी फेव्हिकॉल पार्टीतलीच.)

आता संक्रांत. १४ जानेवारीपर्यंत शनिवार-रविवार आहेत. खालच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण आहे, त्याच्यासाठी मुलांकडून हलव्याचे दागिने करून घ्यायचेत. काटेरी हलवा विकतचा आणणार. तो पुठ्ठ्यावर चिकटतो का नीट?

नीरजाS (३० डिसेंबर, सकाळी ९.००)

चिकटतो, पण गोंद घट्ट हवा आणि अगदी टिपका. पातळ गोंद किंवा खळ लावली की हलव्याची साखर विरघळते आणि डाग पडतो. मुकुट आणि बासरी एवढंच मुलांना द्या. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, वर काळा कागद, त्यावर पांढरा हलवा उठून दिसतो. मुकुटाला पुठ्ठ्याची कड कपाळाला टोचते, आतून जुन्या सुती कापडाची पट्टी लावा. बासरीला वर्तमानपत्राची गुंडाळी. बाळ ते तोंडात घालणारच, तेव्हा त्याच्या हाताशी येणाऱ्या भागावर हलवा लावू नका. आणि रात्री झालेलं काम झाकणाच्या डब्यात ठेवा, सकाळपर्यंत मुंग्या लागतात.

पायवाट (३० डिसेंबर, सकाळी ९.३०)

आणि चिकटवायचा हलवा वेगळ्या वाटीत आणि खायचा वेगळ्या. नाहीतर मुकुटापर्यंत काही उरत नाही.